अँगल पाहिल्याशिवाय ‘काचबिंदू’ लिहू नका

नेत्रविभागांचे प्रमुख, रेसिडेंट डॉक्टरांचे शिक्षक आणि रोज स्लिट लॅम्पवर (डोळे तपासण्याच्या सूक्ष्मदर्शकावर) बसणारे माझे सर्व नेत्रतज्ज्ञ सहकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

काचबिंदूसाठी माझ्याकडे पाठवलेल्या रुग्णांच्या फायली चांगल्या जाडजूड असतात. ओसीटीचे, म्हणजे डोळ्याच्या स्कॅनचे, रंगीत कागद, फील्ड टेस्टचे, म्हणजे नजरेचा आवाका तपासल्याचे, जुने-नवे अहवाल, मायक्रॉनमध्ये मोजलेली कॉर्नियाची (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक थराची) जाडी, दर भेटीचं डोळ्यातलं प्रेशर. अँगलबद्दलची, म्हणजे डोळ्यातल्या पाण्याचा निचरा होतो त्या कोपऱ्याबद्दलची, ओळ मात्र त्यात शोधावी लागते आणि बहुतेकदा ती सापडत नाही. सापडलीच तर ‘एसी डेप्थ नॉर्मल’ (पुढच्या पोकळीची खोली ठीक) किंवा नुसतं ‘अँगल्स ओपन’. कोणी पाहिलं, कशाने पाहिलं, केव्हा पाहिलं, काही पत्ता नाही. निदानाच्या रकान्यात मात्र ठसठशीत अक्षरात ‘प्रायमरी ओपन अँगल ग्लॉकोमा’, म्हणजे उघड्या अँगलचा काचबिंदू. अँगल पाहिलाच नाही तर तो उघडा आहे हे कळलं कसं? हा प्रश्न एकेका सहकाऱ्याला फोन करून विचारण्यापेक्षा सगळ्यांना एकदम विचारावा, म्हणून हे पत्र.

माझी मागणी एकच आहे. गोनिओस्कोपी, म्हणजे डोळ्यावर भिंग टेकवून अँगल पाहण्याची तपासणी, केल्याशिवाय आणि तिच्यात काय दिसलं ते लिहिल्याशिवाय कोणाच्याही केसपेपरवर काचबिंदूचं निदान लिहू नये. काचबिंदूच्या शंकेने आलेल्या माणसाला ‘प्रेशर नॉर्मल आहे, काळजी नको’ म्हणून परतही पाठवू नये.

पत्र खुलं आहे, डॉक्टर नसलेलेही वाचतील, म्हणून दोन शब्द पायाभूत गोष्टींबद्दल. डोळ्याच्या आत मिनिटाला जेमतेम दोन-अडीच मायक्रोलिटर पाणी तयार होतं. ते आयरिसच्या, म्हणजे डोळ्यातल्या रंगीत पडद्याच्या मागून बाहुलीतून पुढे येतं आणि कॉर्निया व आयरिस जिथे एकमेकांना भेटतात त्या कोपऱ्यातल्या बारीक जाळीतून निघून जातं. हा कोपरा म्हणजे अँगल. तो प्रशस्त असूनही जाळीतून निचरा नीट होत नसेल, तर तो एक आजार. जाळी बरी असेल पण आयरिस पुढे सरकून तिच्यावर टेकत असेल, तर तो दुसरा. दोन्हींत सहसा प्रेशर वाढतं, दोन्हींत डोळ्याची नस वाळत जाते, आणि दोघांनाही आपण काचबिंदू म्हणतो. उपाय मात्र वेगळे. पहिल्याला थेंब किंवा जाळीवर लेझर. दुसऱ्याला आयरिसमध्ये लेझरने छिद्र पाडून पाण्याला नवी वाट करून देणं (इरिडोटॉमी), किंवा डोळ्यातलं जाड झालेलं भिंग काढून जागा मोकळी करणं.

आता अडचण कुठे येते ते पाहा. बंद अँगलच्या डोळ्यात प्रोस्टाग्लँडिनचे थेंब टाकले तरी प्रेशर उतरतं. आकडा उतरला की रुग्ण खूश, डॉक्टर निर्धास्त, पुढची भेट सहा महिन्यांनी. त्या सहा महिन्यांत आयरिस जाळीला टेकत राहते आणि टेकता टेकता चिकटते. चिकटलेला भाग वाढत गेला की थेंब एकाचे दोन, दोनाचे तीन होतात. मग ‘औषधाला दाद देत नाही’ म्हणून फाइल आमच्याकडे येते. इरिडोटॉमी वेळेवर झाली असती तर ज्याचा उपयोग झाला असता, अशा डोळ्यावर आता मोठी शस्त्रक्रिया करावी लागते, आणि गेलेली नजर त्यानेही परत येत नाही.

हा क्वचित होणारा प्रकार नाही. क्विग्ली आणि ब्रोमन यांनी २००६ साली जगभरातल्या अभ्यासांवरून २०२० सालासाठी अंदाज बांधला होता. काचबिंदूच्या सुमारे ७ कोटी ९६ लाख रुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा बंद अँगलचा असेल, असं त्यात म्हटलं होतं. दोन्ही डोळ्यांनी अंध होणाऱ्यांचा हिशेब मात्र निराळा निघाला. उघड्या अँगलच्या काचबिंदूने ५९ लाख, बंद अँगलच्या काचबिंदूने ५३ लाख. रुग्ण चौथा हिस्सा आणि अंधत्व जवळजवळ निम्मं. बंद अँगलचे सत्त्याऐंशी टक्के रुग्ण आशियातले आणि सत्तर टक्के स्त्रिया, हेही त्याच अंदाजात आहे. या दोन प्रकारांतला फरक रोज चुकवणं परवडणारं नाही, एवढं यावरून मान्य व्हायला हरकत नसावी.

‘बंद अँगल असता तर रुग्ण बोंबलत आला असता’ हा समज तर मला अनुभवी डॉक्टरांकडूनही ऐकायला मिळतो. अचानक अँगल पूर्ण मिटला की तसं होतं, हे खरंच. डोळा लाल, अर्ध्या डोक्यात कळा, दिव्याभोवती रंगीत वलयं, उलट्या. काही जणांना पोटाचा विकार किंवा अर्धशिशी समजून तिकडचीच औषधं मिळतात, डोळ्याकडे लक्ष जातं ते फार उशिरा. पण बंद अँगलच्या रुग्णांतले बहुतेक जण या वाटेने येत नाहीत. त्यांचा अँगल थोडा थोडा, गुपचूप मिटतो. दुखत नाही, लाल होत नाही. ते चष्म्याचा नंबर बदलला म्हणून येतात. आपण नंबर काढतो, प्रेशर पाहतो, थेंब टाकून बाहुली मोठी करतो आणि डोळ्याचा मागचा पडदा पाहतो. बाहुली मोठी केल्यावर अँगल पाहण्यात फारसा अर्थ राहत नाही. म्हणजे ती भेट गेलीच.

अँगल थेट का दिसत नाही, हे आपण सगळेच पहिल्या वर्षात शिकलो. तिथून निघालेला प्रकाश कॉर्निया आणि हवा यांच्या सीमेवर सुमारे ४६ अंशांपेक्षा जास्त तिरका आदळतो आणि पूर्णपणे आतच परावर्तित होतो. कॉर्नियावर भिंग टेकवलं की ती हवेची सीमा नाहीशी होते. ग्रीक नेत्रतज्ज्ञ ट्रांटास यांनी डोळ्याच्या कडेला बोटाने दाबून जिवंत माणसाचा अँगल पाहिला आणि या तपासणीला गोनिओस्कोपी हे नाव दिलं. साल्झमान यांनी त्यासाठी कॉन्टॅक्ट लेन्स वापरली. गोल्डमान यांची आरशाची लेन्स १९३८ सालची. त्याच वर्षी ऑटो बार्कन यांनी गोनिओस्कोपीच्या आधाराने काचबिंदूचे उघड्या आणि अरुंद अँगलचे असे दोन गट मांडले. आपल्या निदानाचं नावच या तपासणीतून आलेलं आहे. नाव ठेवलं आणि तपासणी टाकून दिली, असं दुसऱ्या कोणत्या आजाराबाबत झालं असेल असं मला वाटत नाही.

आणि हे फक्त एखाद्या कोपऱ्यात घडतं असंही नाही. अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याच्या नोंदींवरून २००६ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काचबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी सुमारे निम्म्यांच्याच बाबतीत त्याआधीच्या चार-पाच वर्षांत गोनिओस्कोपी झाल्याची नोंद होती. शस्त्रक्रिया झालेल्यांबद्दल बोलतेय मी, नुसत्या संशयितांबद्दल नाही. साधनांची वाण नसलेल्या ठिकाणी ही गत.

न करण्याची कारणं मला पाठ आहेत. पहिलं, वेळ नाही. चार आरशांची छोटी लेन्स जेल न लावता, अश्रूंच्या थरावरच टेकवता येते. बधिर करणारा थेंब टाकल्यापासून दोन्ही डोळे पाहून होईपर्यंत सरावलेल्या हाताला दोन-तीन मिनिटं पुरतात. ओसीटीच्या खुर्चीवर रुग्णाला बसवून हनुवटी टेकवायला सांगण्यात याहून जास्त वेळ जातो. आणि जेल लागत नसल्याने नंतर फंडसचा, म्हणजे मागच्या पडद्याचा, फोटो धूसर येतो ही तक्रारही उरत नाही.

दुसरं कारण व्हॅन हेरिक पद्धतीचं. स्लिट लॅम्पचा झोत कडेला तिरका टाकायचा आणि कॉर्नियाच्या जाडीशी तिथल्या पोकळीची तुलना करायची. पाव जाडीइतकी किंवा त्याहून कमी भरली तर अँगल अरुंद समजायचा. चाळणी म्हणून ही पद्धत उत्तम आहे. डोळा मोठा करण्याआधी प्रत्येकाचं व्हॅन हेरिक पाहिलं गेलं तरी मी अर्धी लढाई जिंकली म्हणेन. पण ते कडेचा एक बिंदू पाहतं, आणि अँगल सहसा सगळ्यात अरुंद असतो तो वरच्या बाजूला. प्लॅटो आयरिस नावाच्या ठेवणीत पुढची पोकळी खोल दिसते आणि आयरिसचं मूळ मात्र जाळीला जाऊन टेकलेलं असतं. तिथे व्हॅन हेरिक चकवू शकतं. चिकटलेला भाग, नव्या रक्तवाहिन्या, मार लागून फाटलेला अँगल यातलं काहीच त्याला दिसत नाही.

तिसरं कारण नव्या पिढीचं: ‘आमच्याकडे एएस-ओसीटी आहे.’ असू द्या, चांगलंच आहे. डोळ्याला न शिवता, पूर्ण अंधारात अँगलचा छेद दाखवणारं ते यंत्र मलाही आवडतं. रुग्णाला समजावून सांगायला त्याच्यासारखं चित्र नाही. पण ते रंग दाखवत नाही. रंगद्रव्याचा थर, एक्सफोलिएशन या आजारातला कोंडा, मधुमेहात किंवा शीर बंद झाल्यावर अँगलमध्ये उगवणाऱ्या बारीक लाल वाहिन्या, हे सगळं रंगातच ओळखावं लागतं. अशा डोळ्यांत काही वेळा बाहुलीच्या कडेला काही दिसण्याआधीच अँगलमध्ये वाहिन्या आलेल्या असतात. शिवाय जाळीच्या मागचा स्क्लेरल स्पर हा खुणेचा कंगोरा प्रत्येक चित्रात सापडतोच असं नाही, आणि गोनिओस्कोपीच्या तुलनेत हे यंत्र जास्त डोळ्यांना ‘बंद’ ठरवतं. नुसत्या त्याच्या भरवशावर लेझर करत सुटलो तर दुसऱ्या टोकाला जाऊ. आणि मुख्य म्हणजे, आयरिस नुसती टेकली आहे की चिकटली आहे हे ठरवायला लेन्सने दाबून पाहावं लागतं. फोर्ब्स यांनी १९६६ साली सांगितलेली ती युक्ती आजही तितकीच कामाची आहे. कॉर्नियाच्या मध्यावर हलका दाब दिला की पाणी कडेला सरकतं आणि आयरिस मागे ढकलली जाते. जाळी दिसली तर नुसती टेकलेली, नाही दिसली तर चिकटलेली. हे समोर घडताना पाहिलेला रेसिडेंट पुढे कधी ‘गोनिओ कशाला’ म्हणत नाही, असा माझा अनुभव आहे.

करणाऱ्यांबद्दलही बोलायला हवं, कारण चुकीची गोनिओस्कोपी न केलेल्या गोनिओस्कोपीपेक्षा धोक्याची. ती खोटा दिलासा देते. सर्रास आढळणारी चूक म्हणजे उजेड. खोलीतला दिवा चालू, स्लिटचा झोत रुंद आणि लांब, थेट बाहुलीत. बाहुली आकसते, आयरिस ताणली जाते आणि अँगल उघडतो. मास्तर वर्गात शिरले की मुलं सरळ बसतात, तसा. त्या मुलांचं वागणं बघायचं असेल तर खिडकीतून, त्यांना न कळता बघायला हवं: खोलीत अंधार, झोत एक मिलिमीटरएवढा आखूड, अरुंद, आणि बाहुलीपासून दूर. अशा अवस्थेत आधी अँगल जसा आहे तसा पाहायचा, मग उजेड वाढवून, मग दाबून. दुसरी चूक नकळत दाबण्याची. चार आरशांच्या लेन्सने कॉर्नियावर घड्या पडल्या की समजावं, आपण अँगल पाहत नसून उघडतो आहोत. खालचा अँगल सहसा जास्त रुंद आणि जास्त रंगद्रव्याचा असतो, म्हणून नवशिक्याने वरच्या आरशात पाहून तिथून सुरुवात करावी. आणि श्वाल्बेची रेषा, म्हणजे जाळीची पुढची कड, सापडत नसेल तर अंदाज बांधू नये. स्लिटच्या झोताच्या कॉर्नियातल्या दोन रेषा जिथे एकत्र येतात ती जागा शोधावी. तीच श्वाल्बेची रेषा.

आता नोंदीकडे येते, कारण विभागप्रमुखांनी एका परिपत्रकात सुधारता येईल अशी गोष्ट तीच आहे. केसपेपरवर ‘ग्रेड चार’ असं लिहिलेलं असतं. कोणाच्या पद्धतीचं? शेफरच्या पद्धतीत चार म्हणजे सताड उघडा अँगल. शाइच्या पद्धतीत चार म्हणजे काहीही न दिसणारा, बंद अँगल. आकडा एक आणि अर्थ उलटे. दोन्ही पद्धतींत शिकलेले डॉक्टर एकाच ओपीडीत शेजारी बसतात, आणि एकाने लिहिलेला आकडा दुसरा वाचतो. यातून रुग्णाचं काय होऊ शकतं, ते तुम्हीच कल्पना करा. म्हणून माझं म्हणणं आहे की आकडे बंद करावेत. चार चतुर्थांशांचं एक साधं फुलीचं चित्र केसपेपरवर छापून घ्यावं. प्रत्येक भागात दाबण्यापूर्वी शेवटची कोणती रचना दिसली आणि दाबल्यावर कोणती, एवढंच लिहावं: श्वाल्बेची रेषा, जाळीचा पुढचा भाग, रंगद्रव्याचा मागचा भाग, स्क्लेरल स्पर, सिलियरी बँड. चिकटलेला भाग असेल तर कुठून कुठपर्यंत. खाली तारीख, लेन्सचं नाव आणि सही. आजच्या व्याख्येनुसार मागची, रंगद्रव्याची जाळी १८० अंश किंवा त्याहून जास्त भागात झाकलेली असेल तर अँगल बंद होण्याचा संशय धरायचा. त्यात प्रेशर वाढलेलं किंवा चिकटलेला भाग असेल तर अँगल बंद झाला म्हणायचं. नसेला इजा झालेली असेल तरच काचबिंदू. या पायऱ्या लिहिल्याशिवाय ठरवता येत नाहीत.

तारीख का, तर अँगल जन्मभर एकसारखा राहत नाही. वय वाढतं तसं भिंग जाड होतं आणि आयरिसला पुढे ढकलतं. प्लस नंबरचे, लहान डोळे असतील तर आणखीच. दहा वर्षांपूर्वी उघडा होता म्हणून आजही असेल हे गृहीत धरता येत नाही. नोंदीला तारीख असली तर पुन्हा पाहायची आठवण तरी राहते.

या सगळ्याचा अर्थ अरुंद अँगल दिसला की लेझर, असा कोणी काढू नये. चीनमधल्या ग्वांगझू इथे झालेली झॅप चाचणी २०१९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आली. ८८९ जण, दोन्ही डोळ्यांत अँगल बंद होण्याचा संशय, एका डोळ्यावर इरिडोटॉमी आणि दुसरा तसाच, सहा वर्षं पाठपुरावा. लेझरने धोका जवळपास निम्म्यावर आला, हे खरं. पण लेझर न केलेल्या डोळ्यांतही दर वर्षी हजारात आठच डोळे पुढच्या पायरीला गेले. लेझर केलेल्यांत चार. इतक्या थोड्यांसाठी सगळ्यांना लेझर करावं का, यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. माझं मत असं: एका डोळ्याला अँगल अचानक मिटण्याचा झटका येऊन गेलेला असेल, मधुमेहामुळे वरचेवर डोळा मोठा करून पाहावा लागत असेल, अँगल मिटवू शकणारी औषधं सोडता येत नसतील किंवा रुग्ण गरज पडल्यावर वेळेत पोहोचू शकणार नसेल, तर लेझर करावं. इतरांना समजावून सांगून नजरेखाली ठेवावं. आजार पुढे गेलेला असेल तेव्हा २०१६च्या ईगल चाचणीकडे दुर्लक्ष करू नये. पन्नाशीच्या पुढच्या, बंद अँगलचा काचबिंदू असलेल्या किंवा बंद अँगलसह पाऱ्याच्या ३० मिलिमीटर आणि त्यावर प्रेशर असलेल्या रुग्णांत, मोतीबिंदू नसतानाही भिंग काढणं हे पहिला उपाय म्हणून लेझरपेक्षा सरस ठरलं. हे सगळे निर्णय अँगल पाहिल्यानंतरचे आहेत. न पाहणाऱ्याला हे प्रश्न पडतच नाहीत.

जाता जाता औषधांच्या वेष्टनाबद्दल. सर्दीच्या, ॲलर्जीच्या, नैराश्याच्या, लघवीच्या कित्येक औषधांवर ‘काचबिंदू असल्यास घेऊ नये’ असा इशारा असतो. तो खरं तर अरुंद अँगलवाल्यांसाठी आहे. घडतं असं की वर्षानुवर्षं उघड्या अँगलसाठी थेंब टाकणारा माणूस तो वाचून घाबरतो आणि गरजेचं औषध बंद करतो. अरुंद अँगलवाला मात्र निर्धास्त गोळी घेतो, कारण त्याला कोणी काही सांगितलेलंच नसतं. रुग्णाच्या हातात ‘अँगल उघडा’ किंवा ‘अँगल अरुंद’ असं लिहिलेला कागद असता तर दोघांचीही सोय झाली असती.

शिक्षकांना एक विनंती. रेसिडेंटला गोनिओस्कोपी काचबिंदूच्या रुग्णांवर शिकवू नका, निदान सुरुवातीला तरी. त्याला आधी निरोगी अँगल भरपूर पाहू द्या, एकमेकांचे पाहू द्या. निरोगी अँगलमध्येही किती वैविध्य असतं हे कळल्याशिवाय रोगट ओळखता येत नाही. प्रत्येक स्लिट लॅम्पशेजारी लेन्स आणि ती निर्जंतुक करण्याची सोय हवी. कपाटात कुलपाखाली ठेवलेली लेन्स कोणी मागून आणत नाही. आणि प्रात्यक्षिक परीक्षेत परीक्षकांनी अँगलबद्दल तोंडी न विचारता लेन्स हातात द्यावी आणि दाखव म्हणावं. परीक्षेत जे येतं तेच शिकलं जातं, हे आपल्या सगळ्यांनाच ठाऊक आहे.

आपली,
काचबिंदूचे रुग्ण पाहणारी एक सहकारी

ता. क. — हे पत्र एखाद्या रुग्णाच्या वाचनात आलं तर त्यांच्यासाठी: आईवडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कोणाला काचबिंदू असेल, तर पुढच्या तपासणीत डोळा मोठा करण्याचे थेंब टाकण्याआधी ‘माझा अँगल उघडा आहे की अरुंद?’ असं विचारा. भिंग डोळ्याला टेकतं पण बधिर करणारा थेंब टाकलेला असल्याने दुखत नाही, फक्त थोडं विचित्र वाटतं. जे उत्तर मिळेल ते केसपेपरवर लिहून घ्या.